विरजण का लागले नाही?

शाळेत असताना ‘दूध हे पूर्णान्न आहे’ या विषयावर आम्ही दोन-दोन पाने निबंध लिहिले. गाईला माता म्हटले, दुधाला अमृत म्हटले आणि दहापैकी सात-आठ गुण पदरात पाडून घेतले. त्या निबंधातली गाय कधी आजारी पडत नसे. खऱ्या गोठ्यातली गाय आजारी पडते, तिला औषध द्यावे लागते, आणि औषध चालू असलेल्या गाईलाही सकाळ-संध्याकाळ पान्हा फुटतच असतो. त्या दुधाचे पुढे काय होते, याविषयी आमच्या निबंधात एक ओळही नसे. राहून गेलेली ती ओळ आज लिहावी म्हणते.

गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. आमच्या घरी दोन संकरित गाई आहेत. त्यांतल्या एकीला दगडी झाली. ज्यांच्या दारात जनावर नाही त्यांच्यासाठी सांगते : दगडी म्हणजे कासदाह. सडाच्या तोंडातून जिवाणू आत शिरतात, कास सुजून दगडासारखी कठीण होते आणि दुधात गुठळ्या येऊ लागतात. अण्णांनी औषधाच्या दुकानातून सडात सोडायच्या ट्यूबा आणल्या. डॉक्टरांना बोलावले नाही, कारण त्यांची फी वेगळी, आणि दुकानदाराला औषध तोंडपाठ. तीन दिवस उपचार केला. आजारी सडाचे दूध आम्ही फेकून दिले, पण बाकीच्या तीन सडांचे दूध रोजच्यासारखे केंद्रावर घातले.

चौथ्या दिवशी रात्री आजीने त्या गाईच्या दुधाला विरजण लावले. सकाळी पाहते तो भांड्यातले दूध जसेच्या तसे पातळ. आजी म्हणाली, “औषधाचं दूध हाय, इरजान लागायचं न्हाई.” तिला ते ठाऊक होते. अण्णांना ठाऊक होते. गोठा असलेल्या प्रत्येक घराला ते ठाऊक असते. त्या दिवसापासून घरात दुसऱ्या गाईचे दूध वापरायला सुरुवात झाली आणि औषधाच्या गाईचे दूध किटलीत भरून संकलन केंद्रावर जात राहिले. किटली माझ्याच हातात असे, कारण केंद्र एसटीच्या थांब्याला लागून आहे. केंद्रावरच्या यंत्राने फॅट दाखवले, एस.एन.एफ. दाखवले, पावती दिली. दुधात औषध आहे की नाही हे त्या यंत्राला कोणी विचारतही नाही आणि ते सांगतही नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी गोठ्याच्या कोनाड्यात ट्यूबांचे रिकामे खोके दिसले. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिले होते की, शेवटची ट्यूब सोडल्यानंतर ९६ तास या जनावराचे दूध माणसाने वापरू नये. आमच्या घरात ते वाचू शकणारी मी एकटीच. मी अण्णांना वाचून दाखवले. ते काही क्षण गप्प राहिले. मग त्यांनी हिशेब केला : औषधाचे तीन दिवस आणि नंतरचे चार, असे सात दिवस, रोजचे दहा लिटर, लिटरला तीस रुपये. “एकवीसशे रुपये झाले. ते कोण देणार? तुझ्या परीक्षेची फी त्यातूनच भरायची हाय.”

मला उत्तर देता आले नाही. मुदत संपायला अजून दोन दिवस होते. त्या दोन दिवसांचे दूधही मीच केंद्रावर नेऊन घातले.

ही कबुली वार्षिक अंकाच्या पानांवर देण्याचे कारण एवढेच, की हा एका घराचा प्रश्न नाही. घरोघरी मातीच्या चुली तशा गोठोगोठी या ट्यूबा आहेत. आणि यातून जे निघते ते वसतिगृहाच्या चहापासून इस्पितळाच्या खाटेपर्यंत सगळीकडे पोहोचते.

आधी आजीच्या भांड्याकडे पाहू. विरजण म्हणजे दुसरे तिसरे काही नसून जिवंत जिवाणू. ते दुधातल्या साखरेचे आम्ल करतात आणि दूध दह्यासारखे घट्ट होते. आपण ज्याला अँटिबायोटिक म्हणतो आणि पाठ्यपुस्तक ज्याला प्रतिजैविक म्हणते, त्याचा अंश दुधात उरला असेल तर तो या जिवाणूंना मारतो किंवा त्यांची वाढ रोखतो. औषधाला रोगाचा जिवाणू आणि दह्याचा जिवाणू यांत फरक करता येत नाही. आजीला जिवाणू हा शब्द माहीत नाही, पण तिचे भांडे हीच आमच्या घरातली प्रयोगशाळा आहे.

यावर कोणी म्हणेल, औषधाचा एवढासा अंश पोटात गेला तर काय बिघडले? अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. शंभरात एक-सव्वा. हा आकडा पाहून सुस्कारा टाकावासा वाटतो. परंतु तेथे मोजला गेला तो औषधाचा अंश. त्या औषधाला तोंड देऊन जिवंत राहिलेले जिवाणू मोजणे ही निराळीच गोष्ट आहे, आणि खरी भीती त्यांची आहे.

ती अशी. जनावराच्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात. औषध दिले की त्यांतले दुबळे मरतात. एखाद-दुसरा असा असतो की त्याच्यावर औषध चालत नाही. रान मोकळे सापडल्यावर तोच वाढतो. हे जिवाणू शेणातून बाहेर पडतात, कत्तलीच्या वेळी मांसाला लागतात, धार काढताना दुधात उतरतात, शेणखतातून भाजीच्या वाफ्यात आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जातात. त्याहून वाईट म्हणजे, औषधाला दाद न देण्याची ही विद्या ते स्वतःपुरती ठेवत नाहीत. जनुकाचा एक सुटा तुकडा एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो, आणि तो दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी चालते. वर्गात एकाने उत्तर काढावे आणि चिठ्ठी साऱ्या बाकांवरून फिरावी, तसा हा प्रकार.

दूध उकळले किंवा मटण नीट शिजवले की हे जिवाणू मरतात, हे खरे आहे, आणि म्हणूनच आपल्या आयांची दूध उतू जाईपर्यंत तापवण्याची सवय मोलाची आहे. पण उकळण्याने सगळीच औषधे नाहीशी होत नाहीत. शिवाय कच्चे मांस कापलेली सुरी, तेच हात आणि शेजारी चिरलेली कोथिंबीर यांना कोणी उकळत नाही.

या गोष्टीचा इशारा आजचा नाही. पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच सांगितले होते की, अपुऱ्या मात्रेत औषध घेतले तर जिवाणू त्याला सरावतील. पाच वर्षांतच उलटे घडले. अमेरिकेत थॉमस ज्यूक्स आणि त्यांचे सहकारी कोंबड्यांच्या खाद्यावर प्रयोग करीत होते. ऑरिओमायसिन हे औषध तयार करताना उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना खाऊ घातला, तर पिल्ले भराभर वाढली. १९५० साली ही बातमी जाहीर झाली आणि आजारी नसलेल्या कोंबड्या, डुकरे व वासरे यांना रोजच्या खाद्यातून थोडे-थोडे औषध देण्याचा धंदा सुरू झाला. फ्लेमिंग यांनी जे करू नका म्हणून सांगितले, नेमके तेच, तेही टनावारी.

ब्रिटनमध्ये १९६९ साली स्वान समितीने बजावले की, माणसाच्या उपचारात लागणारी औषधे जनावरे वाढवण्यासाठी खाद्यात घालू नयेत. १९८४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चार राज्यांतल्या अठरा माणसांना झालेल्या साल्मोनेलाच्या संसर्गाचा माग काढत संशोधक गोमांसापर्यंत आणि तेथून औषध घातलेले खाद्य खाणाऱ्या गुरांपर्यंत जाऊन पोहोचले. त्या रुग्णांतले कित्येक जण घसा किंवा कान दुखतो म्हणून आधीच पेनिसिलीनच्या जातीचे औषध घेत होते. त्या औषधाने पोटातले इतर जिवाणू मारले आणि न मरणाऱ्यांना जागा करून दिली. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर संपूर्ण बंदी घातली ती २००६ साली. म्हणजे इशारा आणि बंदी यांत एक पिढी मोठी होऊन गेली.

कोलिस्टिनची कथा तर प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकावी अशी आहे. हे औषध गेल्या शतकाच्या मध्यावर जपानमध्ये सापडले. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून डॉक्टरांनी ते हळूहळू बाजूला सारले. जनावरांच्या खाद्यात मात्र ते स्वस्त म्हणून चालू राहिले. पुढे इस्पितळांतली एकेक औषधे निकामी होऊ लागली तेव्हा डॉक्टरांना या अडगळीतल्या औषधाची आठवण झाली आणि ते शेवटचा उपाय म्हणून पुन्हा वापरात आले. २०१५ साली चिनी संशोधकांनी जाहीर केले की, कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारे जनुक त्यांना सापडले आहे. त्याचे नाव एम.सी.आर.-१. ते ८०४ जनावरांपैकी १६६ मध्ये, कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये आणि रुग्णांच्या १,३२२ नमुन्यांपैकी १६ मध्ये मिळाले. १६६, ७८, १६ : जनावर, मांस, माणूस. आकड्यांची ही उतरंड पाहिली की जिवाणू कोणत्या जिन्याने आला असेल हे ओळखायला शास्त्रशाखेची पदवी लागत नाही. चीनने २०१७ पासून वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणे बंद केले आणि त्यानंतर या जिवाणूंचे प्रमाण घटले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांकरिता कोलिस्टिनचे उत्पादन व विक्री यांवर बंदी घातली. म्हणजे हात वेळीच आवरला तर उपयोग होतो, ही त्यातली आशेची बाजू.

आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीला मी हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “आम्ही शाकाहारी. आम्हांला काय त्याचे?” तिच्या हातात चहाचा कप होता. चहात दूध होते. आणि नसते तरी काय? रुग्णालयात शेजारच्या खाटेवरचा जिवाणू आपल्याकडे येताना आपण काय खातो हे विचारीत नाही. २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मरण पावली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला आहे. यात माणसांनी स्वतःच खाल्लेल्या औषधांचा दोष मोठा आहे, हेही मान्य केले पाहिजे. दोन गोळ्या घेऊन ताप उतरला की उरलेली पट्टी कपाटात ठेवणारे आपणच आहोत. सगळे पाप गोठ्यावर ढकलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होईल.

आणि नेमके तेच होण्याची मला धास्ती वाटते. हा विषय निघाला की शहरातला माणूस लगेच म्हणतो, “शेतकरी बेइमान झाला.” कोंबडीच्या शेडवर जाऊन पाहा. करारावर कोंबड्या पाळणाऱ्याला पिल्ले कंपनी देते, खाद्य कंपनी देते, औषधही कंपनीच देते. शेड, पाणी आणि रात्रीचे जागरण तेवढे शेतकऱ्याचे. खाद्याच्या पोत्यात काय आहे हे तो कसे सांगणार? दुधाचे तर असे की, शासनाने २०१२ सालीच नियम केला आहे : जनावराच्या औषधावर किती दिवस दूध-मांस वापरू नये हे छापलेले असावे, छापलेले नसेल तर दूध व अंड्यांसाठी निदान सात दिवस आणि मांसासाठी अठ्ठावीस दिवस धरावेत. नियम चांगला आहे. पण तो छापला जातो इंग्रजीत, आणि पाळायचा आहे अण्णांनी. सात दिवस दूध ओतायचे म्हणजे त्याची किंमत कोण भरणार, याविषयी तो नियम काही सांगत नाही.

अमेरिकेत दुधाचा प्रत्येक टँकर औषधाच्या अंशासाठी तपासतात आणि दोष निघाला तर सगळा टँकर ओतून देतात. आपल्याकडेही असेच करा, असे म्हणणे सोपे आहे. पण तिकडे एका गोठ्यात शेकडो गाई असतात, नुकसान सोसण्याची ताकद असते. आमच्याकडे दोनशे घरांच्या दोनशे किटल्या एकाच टाकीत रिकाम्या होतात. शिक्षेची भीती घातली तर दूध ओतले जाणार नाही, औषध तेवढे लपवले जाईल.

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी आम्हांला ‘बाह्य परिणाम’ शिकवला. कारखानदार नफा घेतो आणि धूर गाव गिळते, असे उदाहरण त्यांनी दिले होते. मला त्या क्षणी आमची किटली आठवली. एकवीसशे रुपये आम्ही वाचवले आणि त्याची किंमत कोणी अनोळखी माणूस कुठल्यातरी इस्पितळात भरणार. पण मग उलटही खरे असले पाहिजे. आम्ही ते दूध ओतले तर फायदा साऱ्या समाजाचा. मग तोटा मात्र एकट्या अण्णांचाच का?

माझे म्हणणे थोडक्यात असे : औषधाच्या दिवसांतले दूध ओतण्याचा खर्च, दूध पिणाऱ्या आणि विकणाऱ्या सर्वांनी वाटून घ्यावा. एखाद्या केंद्रावर रोज दोन हजार लिटर दूध येते असे धरू. लिटरमागे उत्पादकाने दहा पैसे आणि ग्राहकाने दहा पैसे दिले तर दिवसाला चारशे, महिन्याला बारा हजार रुपये जमतात. आमच्या हिशेबाने पाच गाईंचे पूर्ण नुकसान त्यातून भरून निघते आणि दूध तपासायच्या पट्ट्यांसाठीही दीड हजार उरतात. ज्याला भरपाई हवी त्याने पशुवैद्याची चिठ्ठी आणावी. म्हणजे खोटे दावे टळतील, आणि दुकानदाराच्या सल्ल्यावर जनावराला औषध देण्याची सवयही सुटेल. सत्य सांगणाऱ्याला पैसे मिळतात असे दिसले, की सत्य सांगणारे वाढतील. माणसाच्या चांगुलपणावर माझा विश्वास आहे, पण चांगुलपणाला एकवीसशे रुपयांच्या ओझ्याखाली फार दिवस उभे करू नये.

दगडी होऊच नये यासाठीही करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते बिनखर्ची आहे. धार काढण्यापूर्वी कास व हात स्वच्छ धुऊन कोरडे करणे. धार झाल्यावर सड जंतुनाशकात बुडवणे. सडाचे तोंड काही वेळ उघडे राहते, म्हणून गाय लगेच खाली बसू नये यासाठी तिच्यापुढे वैरण टाकणे. आजारी गाईची धार सर्वांत शेवटी काढणे. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या गावात होते. आपण रस्ते झाडतो, श्रमदान करतो, समूहगीते म्हणतो. त्या सात दिवसांत प्रत्येक गोठ्यातले औषधाचे खोके हातात घेऊन त्यावरचे दिवस मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिले, तर ते काम झाडूपेक्षा कमी मोलाचे होणार नाही. घरातले पहिले इंग्रजी वाचणारे असे आपल्या वर्गात माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत. त्या वाचण्याचा पहिला उपयोग नोकरीच्या अर्जासाठी व्हावा असे कुठे आहे?

आमची गाय बरी झाली. दहा-बारा दिवसांनी आजीने पुन्हा विरजण लावले आणि सकाळी दही लागलेले होते. परीक्षेची फी वेळेवर भरली गेली. ती कोणत्या दुधावर भरली गेली हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच हा लेख लिहिला.

लिहून झाल्यावर अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकून घेतला आणि म्हणाले, “दहा पैसे द्यायला आपली ना न्हाई.” उत्पादकाचे दहा पैसे कबूल झाले आहेत. दूध पिणाऱ्यांना विचारायचे तेवढे राहिले आहे.